खाटा नव्हत्या म्हणून

दारू सोडायची तर घरदार सोडून भरती व्हावेच लागते, असे आपण धरून चालतो. सकाळी केंद्रात यायचे, दिवसभर औषधे, समुपदेशन, गटात बसून बोलणे आणि संध्याकाळी घरी, ही डे केअरची पद्धत शहरी चैन वाटते. तिचा जन्म मात्र टंचाईतला. 1933 साली मॉस्कोत मनोरुग्णांना खाटा पुरेनात, म्हणून दिवसापुरते रुग्णालय निघाले. 1946 च्या सुमारास लंडनमध्ये जोशुआ बिअरर आणि माँट्रियलमध्ये यूएन कॅमेरॉन या मानसोपचारतज्ज्ञांनीही तसेच केले. ही पद्धत जगभर गेली आणि पुढे व्यसनाच्या उपचारातही आली.

आपल्याकडे 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले. केंद्राच्या संस्थापक डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राला जागाही त्याच आवारात मिळाली. मला हे एकत्र असणे फार मोलाचे वाटते. निराश माणूस पितो, पिऊन आणखी निराश होतो. नुसती दारू सुटली आणि नैराश्य तसेच राहिले, तर बाटली परत हातात येते. दोन्हींवर उपचार एकाच ठिकाणी हवेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही व्यसनाशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत.

मुक्तांगणचा उपचार मात्र 35 दिवसांचा, तिथेच राहून घ्यायचा. जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातल्या वाटूरच्या कापूस उत्पादकाने वेचणीच्या दिवसांत एवढे दिवस घर कसे सोडावे? मजुराने चूल कशावर पेटवावी? गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाने तालुक्याला क्लिनिक आणि गावात शिबिरे नेली. ते पूर्ण डे केअर नव्हे, पण उपचार माणसाच्या दारी नेणारे आहे.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर झटके येतात, भ्रम होतो. अशांना आधी भरतीच करावे लागते. पण त्यानंतरचे महिने घरी राहूनच काढायचे असतात आणि नेमका तिथेच माणूस एकटा पडतो. म्हणून डे केअर परतूर-मंठ्यापर्यंत आलेच पाहिजे. वाटूर फाट्यावरून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतता येईल, इतके जवळ. आरोग्य खात्याकडे ही मागणी ग्रामसभांनी ठरावाने करावी. तोवर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक घरात लिहून ठेवा, तिथे मराठीत बोलता येते.