स्पीड सेन्सर (मोटारीतील)

गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजून तो विद्युत संकेताने कळवणारा भाग. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत स्पीडोमीटर आणि गिअरबदल हे दोन्ही याच संकेतावर चालतात. त्यामुळे काटा पडला आणि त्याच सुमारास गाडी झटके देत गिअर बदलू लागली, तर दोन्हींचे मूळ आधी इथे शोधावे.

ओटो शुल्ट्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या स्पीडोमीटरला सेन्सर नव्हता. केबल चुंबक फिरवी, चुंबकामुळे धातूची वाटी ओढली जाई आणि तिला जोडलेला काटा स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध सरके. केबल कोरडी पडली की काटा थरथरे, तुटली की शून्यावर बसे. अँबॅसेडर, पद्मिनी चालवलेल्यांना ही थरथर चांगली आठवत असेल. तिथे गिअर चालकाच्या हातात असल्याने बिघाड काट्यापुरताच राही.

ऑटोमॅटिक गाडीत गाडीचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दाब यांचा मेळ घालून कंट्रोल युनिट गिअर ठरवते. वेगच कळेनासा झाला की ते गिअरबॉक्स वाचवण्यासाठी ‘लिंप मोड’मध्ये जाते. गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये अडकते, क्रूझ कंट्रोल बंद पडतो.

निदानात लक्षणांची जोडी पाहावी. काटा बंद पण गिअर सुरळीत असतील, तर दोष मीटरकडे असण्याचा संभव जास्त. दोन्ही बिघडले, तर सेन्सर, त्याचे वायरिंग किंवा त्याला फिरवणारे नायलॉनचे दातेरी चाक तपासावे. सोबत एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल, तर चाकांवरचे सेन्सर पाहावेत. अनेक नव्या गाड्या वेग तिथूनच घेतात. दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०५०० किंवा पी०७२० हा कोड दिसताच नवा सेन्सर बसवणे ही घाई होय. कोड त्या सर्किटमधला दोष सांगतो, सुटा भाग नाही. कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी किंवा तेलही तोच कोड देते. चुंबकीय सेन्सर काढून पाहिला, तर टोकाला कधी लोखंडी कणांचा काळा, मिशीसारखा थर दिसतो. तो पुसल्यावर संकेत परत येऊ शकतो. मात्र थर जाड असेल किंवा त्यात धातूचे कपचे असतील, तर गिअरबॉक्सची झीज गांभीर्याने घ्यावी.

ही तपासणी मल्टिमीटर आणि स्कॅनर यांवर बहुतांशी होते. ती झाल्याशिवाय गिअरबॉक्स उघडायला परवानगी देऊ नये.