बलाढ्यांची भर, शेजाराची तूट

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन तेथे खेळाडू धावतात, आणि शनिवारी विद्यापीठांचे सामने पाहावयास गावेच्या गावे लोटतात. ही विद्यापीठे ज्या गटांत बांधलेली असतात त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. अशा गटाने बलाढ्य संघ ओढून घेऊन आपला विस्तार करावा काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम मुळाकडे जाऊ. १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागोत जमले. मैदानावर उतरणारा खेळाडू खरोखरीचा विद्यार्थी असावा आणि खेळाची सूत्रे अध्यापकांच्या हाती राहावीत, ही त्यांची चिंता होती. त्यातून १८९६ साली उभा राहिलेला गट म्हणजेच पुढचा ‘बिग टेन’. तात्पर्य, गट जन्मास आला तो शेजाऱ्यांनी एकमेकांस लगाम घालावा म्हणून.

विस्तार तेव्हाही झाले. संस्थापकांपैकी शिकागो विद्यापीठाने १९३९ साली फुटबॉल सोडला व १९४६ मध्ये गटही सोडला. १९४९ साली मिशिगन स्टेटला प्रवेश मिळाला. पण तो संघ त्याच परिसरातला होता.

चित्र पालटले ते दूरचित्रवाणीमुळे. सामन्यांच्या प्रक्षेपणावर राष्ट्रीय क्रीडासंघटनेचे नियंत्रण होते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरविले आणि प्रक्षेपणाचे हक्क विकण्यास विद्यापीठे व गट मोकळे झाले. मग नामांकित संघ म्हणजे चलनी नाणेच ठरले! १९१४ साली स्थापन झालेला ‘साउथवेस्ट’ गट १९९६ मध्ये मोडला. टेक्ससमधील चार विद्यापीठे नव्या गटात गेली, राइससारखी मागे राहिली. २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या गटातून दहा विद्यापीठे बाहेर पडली. त्या हंगामात उरली दोन: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. आता लॉस एंजेलिसचे विद्यार्थी सुमारे चार हजार किलोमीटर दूरच्या न्यू जर्सीतील रटगर्सशी एकाच गटात खेळतात. हा प्रवास फुटबॉलपुरताच नाही. व्हॉलीबॉलच्या मुलींनाही तो चुकत नाही.

विस्तारवाद्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. फुटबॉलच्या उत्पन्नावर इतर खेळ पोसले जातात, आणि तुल्यबळांच्या झुंजी कोणास आवडत नाहीत? टेक्सस २०२४ मध्ये ‘साउथईस्टर्न’ गटात आले आणि टेक्सस ए. अँड एम. शी २०११ नंतर खंडित झालेला त्यांचा जुना सामना पुन्हा सुरू झाला. परंतु त्याच वर्षी त्याच गटात ओक्लाहोमाही गेले, आणि ओक्लाहोमा स्टेटशी १९१० पासून दरवर्षी चालत आलेली त्यांची लढत २०२३ नंतर थांबली. एका हाताने जोडले, दुसऱ्या हाताने तोडले!

म्हणून माझे मत असे: विस्तार करावा, पण शेजार राखून. नव्या बलाढ्यास घेताना त्याचा जुन्या प्रतिस्पर्ध्याशी होणारा वार्षिक सामना कायम ठेवण्याची अट घालावी, आणि इतर खेळांचे सामने जवळपासच्या विद्यापीठांशीच ठरवावेत. एवढे ज्या गटाला परवडत नाही, त्याने हाव आवरावी. शिकागोत जमलेल्या त्या सात प्रमुखांना लगामाचे महत्त्व कळले होते. त्यांच्या वारसांनी घोडे वाढविले. लगाम मात्र हातून सोडला.