सरळ रस्त्याची गाडी, वळणाची गाडी

१९६८ साली अमेरिकेतल्या एखाद्या तरुण नोकरदाराकडे तीन-सव्वातीन हजार डॉलर असते, तर त्याला अगदी वेगळ्या स्वभावाच्या दोन वेगवान मोटारींमधून एक निवडता आली असती. पहिली पॉन्टियाकची जीटीओ. आठ सिलिंडरचे, साडेसहा लिटरचे इंजिन आणि कागदावर ३५० अश्वशक्ती. दुसरी जर्मनीहून आलेली बीएमडब्ल्यू २००२. सिलिंडर चार, इंजिन दोन लिटरचे आणि अश्वशक्ती शंभराच्या थोडी पुढे. पहिल्या जातीच्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात, दुसरीला 'स्पोर्ट्स सेडान'. यांतली कोणती घ्यावी, यावर मोटारवेडे आजही हिरिरीने वाद घालतात आणि तो आवडीनिवडीचा प्रश्न मानतात. इतिहास मात्र सांगतो, की ही निवड रस्त्याने, पेट्रोलच्या भावाने आणि विम्याच्या हप्त्यानेही ठरवली आहे.

जीटीओचा जन्म एका पळवाटेतून झाला. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टियाक हा त्याच कंपनीचा विभाग. तिथले मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४च्या टेम्पेस्ट गाडीसाठी ३८९ घनइंचांचे इंजिन 'जादा सोय' म्हणून देऊ केले. नियम नव्या गाडीला लागू होता. जादा सोयीबद्दल तो काही बोलत नव्हता! नाव घेतले थेट फेरारीच्या गाडीचे. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी खपल्या ३२ हजारांवर. १९६६मध्ये हा आकडा ९७ हजारांच्या जवळ गेला.

असे का झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी नेमकी त्या सुमारास अठरा वर्षांची होत होती. पेट्रोल गॅलनला ३० सेंटच्या आसपास मिळत होते. रस्ते रुंद आणि सरळ होते. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर रात्री एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत तरुणांच्या शर्यती लागत. अशा शर्यतीत थांबलेली गाडी किती झटक्यात सुटते, एवढेच महत्त्वाचे. वळणाचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे पैसा इंजिनावर गेला, बाकीच्या गोष्टी मागे राहिल्या. १९६४च्या जीटीओला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. मागचा आस एकसंध असल्याने खडबडीत वळणावर गाडीचा मागचा भाग उसळायचा.

युरोपातली परिस्थिती याच्या उलट होती. पेट्रोल महाग होते. जर्मनी, इटलीसारख्या देशांत मोटारीवरचा कर इंजिनाच्या आकारमानावर आकारला जाई. आल्प्समधले रस्ते म्हणजे वळणांची माळ. मध्यमवर्गीयाला गाडी परवडे ती एकच. तीच कामावर न्यायची, तिच्यातच बायकोमुलांना बसवायचे आणि सुट्टीत सामान भरून घाट ओलांडायचा. तेव्हा वेग हवा असेल, तर तो लहान इंजिनातून, हलक्या बांध्यातून आणि चांगल्या ब्रेकमधूनच काढावा लागे. इटलीच्या अल्फा रोमिओने १९६२मध्ये आणलेली चार दारांची जुलिया याच विचाराची.

बीएमडब्ल्यूसाठी तर हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १९५९ साली ही कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि डाइम्लर-बेंझने तिला गिळायची तयारी केली होती. ९ डिसेंबरच्या सभेत लहान भागधारकांनी व विक्रेत्यांनी तो बेत हाणून पाडला. उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी पुढे कंपनीत भांडवल घातले. त्यातून १९६२मध्ये बीएमडब्ल्यू १५०० बाजारात आली आणि तिने कंपनीला सावरले. २००२ ही तिचीच धाकटी, दोन दारांची बहीण. तिची चारही चाके आपापली वरखाली होत, त्यामुळे वळणावर ती रस्ता सोडत नसे. मागच्या आसनावर दोन मोठी माणसे बसू शकत. वजन टनाच्या आत. जीटीओ तिच्या दीडपटीहून जड होती!

वादाचा निकाल अखेर लागला तो बाहेरून. १९७०मध्ये शेव्हरले शेव्हेलची ताकद ४५० अश्वशक्तीपर्यंत चढली, आणि नेमके त्याच सुमारास विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले, की गाडी परवडली तरी विमा परवडेना. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. १९७३च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल तोडले. १९७४मध्ये महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. त्या वर्षी जीटीओ जेमतेम सात हजार खपल्या आणि ती बंद झाली.

पण म्हणून सेडान शहाणी आणि मसल कार अविचारी, असे समजायचे कारण नाही. १९७३मध्येच बीएमडब्ल्यूने १७० अश्वशक्तीची '२००२ टर्बो' आणली. पुढच्या गाडीवाल्याने आरशात वाचून बाजूला व्हावे, म्हणून तिच्या तोंडावर 'टर्बो' हा शब्द उलटा लिहिला होता. तेलटंचाईने तिचाही घास घेतला. जेमतेम १,६७२ गाड्या तयार झाल्या.

पुढे दोन्ही घराण्यांनी एकमेकांचे गुण उचलले. १९८५च्या बीएमडब्ल्यू एम५ने चार दारांच्या सभ्य गाडीत २८६ अश्वशक्ती भरली. २००६ची डॉज चार्जर मसल कारचे नाव आणि व्ही-८ इंजिन घेऊन चार दारांची झाली. मसल कारच्या गोतातल्या फोर्ड मस्टँगला तर २०१५च्या मॉडेलपासून मागची चाके स्वतंत्रपणे हलणारी मिळाली. म्हणजे निम्म्या शतकाने तिनेही वळण मनावर घेतले! आपल्याकडे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जुळणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००४मध्ये आली. मस्टँग यायला २०१६ उजाडले.

आज या दोघींचाही खरा प्रतिस्पर्धी तिसराच आहे. उंच, ऐसपैस एसयूव्हीने बाजार व्यापला. फोर्डने २०१८मध्ये अमेरिकेतल्या सेडान गाड्या बंद करण्याचे जाहीर केले. २०२३च्या अखेरीस शेव्हरले कमारो आणि डॉज चॅलेंजर यांचे उत्पादन थांबले.

तरीही कुणाला निवड करायची असेल, तर या इतिहासातून एक साधी गोष्ट घेता येईल. अश्वशक्तीचा आकडा वाचण्याआधी आपण रोज कोणत्या रस्त्याने जातो, मागे कोण बसते आणि पेट्रोल-विम्याचा भार किती वर्षे पेलणार आहे, हे पाहावे. १९७०च्या त्या अमेरिकन तरुणाला गाडीची किंमत ठाऊक होती. ती पोसायचा खर्च त्याला नंतर कळला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)