एका नटाचा खटला आणि न उघडलेले अहवाल

१९९३ हे साल उच्चारले की आमच्या धाराशिव जिल्ह्यात कोणालाही ३० सप्टेंबरची पहाट आठवते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेत असताना जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंतींनी हजारो माणसे गिळली. त्या ढिगाऱ्यांपुढे बाकीचे सारे विसरले जाणे स्वाभाविक होते. पण त्याच वर्षाची सुरुवात मुंबईत दंगलीने झाली होती आणि १२ मार्चला तिथे एकामागून एक स्फोट होऊन २५७ माणसे मेली होती. मराठवाड्यातली कितीतरी पोरे तेव्हा मुंबईत पोटासाठी राबत होती. त्यामुळे तिथले जळणे इथल्या मोहल्ल्यांनाही लागले. त्या वर्षीच्या मुंबईची गोष्ट आजही बहुतेकदा एका नटाच्या नावाने सांगितली जाते. म्हणूनच त्या नटाच्या खटल्याकडे इथून, या जिल्ह्यातून, एकदा नीट पाहावे असे आम्हाला वाटते.

संजय दत्त यांचा जन्म २९ जुलै १९५९ चा. वडील सुनील दत्त, आई नर्गिस. नर्गिस यांचे मूळ नाव फातिमा रशीद आणि त्यांची आई जद्दनबाई ही आपल्या काळातली नामांकित गायिका. 'मदर इंडिया'मधली आई ज्या घरात खरोखरच आई झाली त्या घराकडे आपला समाज नेहमीच आपुलकीने पाहत आला. ३ मे १९८१ रोजी नर्गिस गेल्या आणि पुढच्या काही दिवसांतच मुलाचा पहिला चित्रपट 'रॉकी' पडद्यावर आला. त्यानंतरचा काळ अमली पदार्थांचा. १९८२ मध्ये त्याच कारणाने पहिली अटक झाली, मग परदेशात उपचार झाले. तिथून तो माणूस परतला. 'नाम' (१९८६), 'साजन' आणि 'सडक' (दोन्ही १९९१) यांनी त्याला पहिल्या रांगेत बसवले. १९९३ मध्ये 'खलनायक' आला तेव्हा पडद्यावरचा फरारी गुन्हेगार आणि वर्तमानपत्रातला आरोपी यांचा चेहरा एकच झाला होता. लोकांना पुढे या दोघांना वेगळे करता आले नाही, हे या गोष्टीतले पहिले दुखणे.

प्रत्यक्षात घडले ते असे. जानेवारी १९९३ मध्ये, दंगली चालू असताना, संजय दत्त यांच्या घरी शस्त्रे पोचली. त्यातली एक एके-५६ रायफल त्यांनी ठेवून घेतली, बाकीच्या परत केल्या. एक विनापरवाना पिस्तूलही त्यांच्याजवळ होते. सुनील दत्त त्या दिवसांत दंगलपीडितांच्या मदतीला उतरले होते, त्यावरून धमक्या येत होत्या, घराच्या रक्षणासाठी हत्यार घेतले, असा त्यांचा बचाव होता. स्फोटांनंतर नाव बाहेर आले. मॉरिशसहून चित्रीकरण सोडून ते परतले आणि १९ एप्रिल १९९३ रोजी विमानतळावरच त्यांना अटक झाली. दरम्यान ती रायफल दुसऱ्यांकरवी नष्ट करण्यात आली होती.

गुन्हा लागला तो टाडाखाली. हा कायदा काय होता ते आज तिशीतल्या वाचकांना सांगावे लागेल. जामीन जवळजवळ अशक्य. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा. अधिसूचित भागात बेकायदा शस्त्र सापडले की किमान पाच वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. या कायद्याखाली देशभर सुमारे ७६ हजार माणसे पकडली गेली आणि शिक्षा झाली ती दोन टक्क्यांहूनही कमी लोकांना. उरलेल्यांची तुरुंगातली वर्षे कोणत्या खात्यात जमा झाली, याचा हिशेब कोणी दिलेला नाही.

संजय दत्त यांना मे १९९३ मध्ये उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, पण जुलै १९९४ मध्ये तो रद्द होऊन ते पुन्हा आत गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यांच्या नावाच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निर्णय दिला. अधिसूचित भागात शस्त्र सापडले तर ते दहशतवादासाठी असल्याचे गृहीत धरले जाईल, पण या शस्त्राचा दहशतवादी कृत्याशी संबंध नव्हता हे सिद्ध करण्याचा हक्क आरोपीला आहे, असा त्याचा आशय. सिनेमाच्या पानांवर या निर्णयाला जागा मिळाली नाही. पण टाडाच्या कोठडीत बसलेल्या कुठल्याही अनोळखी माणसाला तो उपयोगी पडणारा होता. बड्या वकिलांची फौज एका नटासाठी उभी राहिली आणि तिने फोडलेली फट कायद्यात सर्वांसाठी राहिली. ऑक्टोबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. टाडा त्याच वर्षी मे महिन्यात मुदत संपून गेला होता, मात्र त्याखालचे जुने खटले चालूच राहिले.

पुढची अकरा वर्षे हा माणूस एका हाताने तारखा आणि दुसऱ्या हाताने चित्रपट सांभाळत होता. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये त्यांनी मुंबईच्या चाळीतला, हातात पिस्तूल आल्यावर मागे फिरता न आलेला मराठी तरुण उभा केला. ती भूमिका पाहताना प्रेक्षक नकळत खटल्याचाही विचार करत होता. २००३ मध्ये 'मुन्नाभाई एमबीबीएस' आला आणि १ सप्टेंबर २००६ रोजी 'लगे रहो मुन्नाभाई'. गांधीगिरी हा शब्द घरोघर गेला. त्यानंतर अकराच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, न्यायाधीश कोदे यांनी स्फोट खटल्याचा निकाल वाचायला सुरुवात केली. स्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' हा चित्रपट या निकालाआधी दाखवू नये म्हणून न्यायालयाने रोखून धरला होता. तो २००७ मध्ये प्रदर्शित झाला.

२८ नोव्हेंबर २००६ रोजी संजय दत्त यांना टाडाच्या आरोपांतून मुक्त करून शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले. ३१ जुलै २००७ रोजी सहा वर्षांची सक्तमजुरी झाली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली. प्रतिबंधित शस्त्रासाठी कायद्यात तेव्हा पाच वर्षांहून कमी शिक्षेची सोयच नव्हती. मे २०१३ मध्ये ते शरण आले, येरवड्यात कागदी पिशव्या केल्या आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी बाहेर पडले.

आता प्रश्न येतो तो इन्साफाचा. आपल्या बैठकांमध्ये या खटल्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, नटाला सवलत मिळाली. दुसरे म्हणते, नर्गिसचा मुलगा म्हणून त्याला छळले. आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. सवलतीच्या तक्रारीत तथ्य आहे. शिक्षेच्या काळातल्या त्यांच्या वारंवारच्या सुट्ट्यांवरून ओरड झाली आणि लवकर सुटकेचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने सरकारचा खुलासा मान्य केला. पण त्याच खटल्यात, शस्त्रांच्या त्याच साखळीत, सत्तरीत पोचलेल्या एका मुस्लिम बाईला टाडाखाली पाच वर्षे झाली. २०१३ मध्ये न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी दोघांनाही माफी द्यावी अशी मागणी केली. नटासाठी मेणबत्त्या लावणारे पुष्कळ निघाले, म्हाताऱ्या बाईचे नाव घेणारे थोडे. नटाच्या माफीचा अर्जही पुढे राज्यपालांनी फेटाळला. म्हणजे न्यायालयाच्या दारात दोघेही अखेर सारखेच थांबले. लोकांच्या मनात मात्र ते सारखे नव्हते.

मोठा फरक याच्याही पुढे आहे. स्फोटांच्या खटल्यात १२३ आरोपी उभे राहिले, १०० दोषी ठरले, एकाला २०१५ मध्ये नागपुरात फाशी झाली. निरपराध माणसे मारणाऱ्यांना शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्याआधीच्या दंगलींचे काय? त्यांच्या चौकशीसाठी नेमलेला श्रीकृष्ण आयोग १९९६ च्या जानेवारीत गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा जिवंत झाला आणि १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. त्यात ९०० मृतांची नोंद आहे. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. अहवालात दोषी माणसांचा आणि पोलिसांचाही उल्लेख आहे. शिक्षा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या भीतीने आपण बंदूक घेतली असे एक नट सांगत होता, त्या भीतीच्या कर्त्यांचा खटला पूर्ण झालाच नाही.

धाराशिवच्या माणसाला हे नवे नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईआधी रझाकारांनी इथल्या हिंदू गावांवर जुलूम केले, हे आपण लपवता कामा नये. आणि कारवाईनंतर इथल्या मुसलमानांवर जे गुदरले तेही कोणी लपवू नये. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस गावोगाव फिरून अहवाल लिहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक पोळलेले जिल्हे, असे त्यात आहे. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. संपूर्ण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. शेजारी मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद तिने केली. तो अहवाल अनेक दशके सरकारी कपाटात पडून राहिला. श्रीकृष्ण अहवाल छापला गेला, पण अमलात आला नाही. एक वाचू दिला नाही, दुसरा वाचून बाजूला ठेवला.

२०१८ मध्ये संजय दत्त यांच्या आयुष्यावर 'संजू' निघाला आणि लाखो लोकांनी त्यांच्या चुका माफ केल्या. माफ करायला आमची हरकत नाही. त्या माणसाने शिक्षा भोगली आहे, आणि शिक्षा भोगलेल्याला पुन्हा पुन्हा उभे करणे हा इन्साफ नव्हे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्याच्यावर सिनेमा निघत नाही त्याचाही हिशेब पूर्ण झाला पाहिजे. कायद्याने एका नटाच्या घरातली एक रायफल वीस वर्षे विसरली नाही, ही चांगली गोष्ट आहे. त्याच कायद्याची तीच स्मरणशक्ती ९०० मृतांसाठी आणि १९४८ च्या आपल्या गावांसाठी मागणे, हे आपले नागरिक म्हणून काम आहे. ते मागताना आवाज चढवण्याची गरज नाही. पण आपल्या मुलांना हे दोन्ही अहवाल वाचायला लावले पाहिजेत, रझाकारांच्या पानांसकट.