तक्रार पोचेपर्यंत

गुरुवार, ४ फेब्रुवारी २०१६, रात्र. ढाक्यात बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं, बांगलादेश बँकेचं, कार्यालय रिकामं झालंय. बँका ज्यावरून एकमेकींना पैसे पाठवण्याचे आदेश देतात, त्या तिच्या स्विफ्ट यंत्रणेत चोर शिरतात. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या तिच्या खात्यातून ९५.१ कोटी डॉलर वळवण्याचे ३५ आदेश सुटतात. तिकडे सकाळ आहे, कामकाज सुरू आहे. पाच आदेश पार पडतात.

शुक्रवार, सकाळ. ढाक्यात साप्ताहिक सुट्टी. व्यवहार छापणारा प्रिंटर बंद. नेहमीचा बिघाड समजून दुरुस्ती उद्यावर ढकलली जाते. बिघाड चोरांनीच घडवलेला असतो.

शुक्रवार, दिवसभरात. पार पडलेल्या आदेशांतले दोन कोटी डॉलर श्रीलंकेच्या वाटेवर. लाभार्थी संस्थेच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं दिसतं, मधली बँक विचारणा करते आणि ती रक्कम वाचते. उरलेले ८.१ कोटी मनिलाजवळच्या मकातीत, आरसीबीसी बँकेच्या एका शाखेत. खाती बनावट नावांची, मे २०१५ मध्ये उघडलेली. तिथे कोणी काही विचारत नाही.

शनिवार, दुपार. प्रिंटर चालू होतो आणि फेडची विचारणा कागदावर उमटते: हे आदेश तुमचेच का? ढाक्याहून ईमेल, फोन, फॅक्स. न्यूयॉर्कला आता शनिवार-रविवारची सुट्टी.

सोमवार, ८ फेब्रुवारी. ‘पैसे थांबवा’ असे निरोप आरसीबीसीला जातात. फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. शिवाय निरोप व्यवहार रद्द करण्याच्या ठरलेल्या नमुन्यात नाहीत, साध्या संदेशाच्या नमुन्यात आहेत. इतर संदेशांच्या ढिगात तेही पडून राहतात.

मंगळवार. मुख्यालय निरोप वाचून शाखेला कळवतं. त्याच दिवशी खात्यांतून सुमारे ५.८ कोटी डॉलर निघतात. पुढचा मुक्काम कॅसिनो, आणि मनी लाँडरिंगविरोधी कायदा तेव्हा तिथल्या कॅसिनोंना लागूच नव्हता.

१५ मार्च. ढाक्याच्या मोतीझील ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो, चोरीनंतर ४० दिवसांनी. अर्थमंत्र्यांनाही ही बातमी प्रसारमाध्यमांतून कळलेली असते. गव्हर्नर अतिउर रहमान राजीनामा देतात.

चोरी एका रात्रीत झाली, पण बहुतेक पैसा हातातून गेला तो मंगळवारी. आपल्याकडचा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक नेमका या मधल्या वेळेसाठी आहे. तक्रार नोंदली की पैसा ज्या खात्यात पोचलाय तिथल्या बँकेला तो अडवायला सांगितलं जातं. मात्र तो तिथून काढला जाण्याआधी फोन करायला हवा.