पन्हाळ्याच्या कोठ्या आणि कासारीचे खोरे

पन्हाळगड म्हणताच आपणांस प्रथम सन १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा आठवतो. आम्ही मात्र वाचकांस अंबरखान्याकडे नेऊ इच्छितो. तेथील तीन धान्यकोठारांस गंगा, यमुना व सरस्वती अशी नावे आहेत. पैकी एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. एवढे धान्य गडाच्या जांभ्या कातळावर पिकत नाही. ते खालूनच चढले. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या प्रयाग चिखलीस मिळतात, आणि गुप्त सरस्वती धरून त्यांची पंचगंगा होते. त्यांच्या खोऱ्यांतील भात, नाचणी व वरी यांवरच गडाची शिबंदी पोसली गेली. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार दुसऱ्या भोजाने येथे वास्तव्य केले, ते केवळ गडाची उंची पाहून नव्हे, असे आमचे मत आहे.

परंतु ताम्रपटांत व सनदांत जमीन देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते. रान मोडून शेत करणाऱ्याचे क्वचितच. आपल्या ज्ञातीतही वतनाचा अभिमान मोठा. (भाऊबंदकीचे तंटेही त्यावरूनच झाले, हे सांगणे नलगे!) करवीर राज्यात १९१८ साली शाहू छत्रपतींनी महारवतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याने धारकांच्या नावे केल्या, तेव्हा कित्येक नावे प्रथमच खातेदार म्हणून दप्तरात चढली.

कोणा घरी जुनी सनद वा साऱ्याची पावती असल्यास नकलेसाठी मंडळाकडे द्यावी. अस्सल परत मिळेल. पावतीवर कुळाचे नाव असेल, तर ती सनदेच्याही आधी पाठवावी.