सूज ओसरते कशी? निजामशाही दरबारापासून रिझॉल्व्हिनपर्यंत

१/ मराठीत गळू ‘पिकते’, ‘फुटते’ किंवा ‘बसते’; सूज ‘उतरते’ वा ‘ओसरते’. या साध्या क्रियापदांत वैद्यकाचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. सूज ओसरते म्हणजे नेमके काय होते? सरपण संपल्यावर आग विझावी तशी ती आपोआप शमते, की तिला शमवण्यासाठी शरीराला काही काम करावे लागते?

२/ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाकडे पाहणाऱ्या तीन परंपरा अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) दरबारात एकमेकींजवळ आल्या. बुऱ्हाण निजामशहा पहिला याच्या आश्रयाने रुस्तम जुर्जानी या हकिमाने ‘जखीरा-इ-निजामशाही’ हा फारसी वैद्यकग्रंथ रचला. दख्खनमध्ये आयुर्वेदाचे वैद्य पूर्वापार होतेच. आणि गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्यही या दरबारी येत असे.

३/ त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. तो १५३४ मध्ये गोव्यात आला. बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि दरबारातील हकिमांशी औषधींविषयी चर्चा केली. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. स्पेनमध्ये असतो तर ग्रीक आचार्यांच्या विरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुली त्यात आहे. १५६८ मध्ये तो वारला. १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

४/ युनानी वैद्यक सुजेला ‘वरम’ म्हणते. इब्न सिनाच्या परंपरेत रोगाच्या चार अवस्था मानल्या आहेत: आरंभ, वाढ, शिखर आणि उतार. औषध अवस्थेनुसार बदलते. आरंभी दोषाला मागे परतवणारे ‘रादिअ’ द्रव्य, उतारावर उरलेले विरघळवणारे ‘मुहल्लिल’ द्रव्य. म्हणजे रोखणे हे एक कर्म आणि विरघळवणे हे दुसरे.

५/ सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या तीन अवस्था आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेलीची उपेक्षा करणारा, असे दोन्ही वैद्य तिथे सारखेच निंद्य ठरतात. उपक्रम सात सांगितले आहेत: विम्लापन, अवसेचन, उपनाह, पाटन, शोधन, रोपण आणि शेवटी वैकृतापह. या सातव्या उपक्रमाचा हेतू जखम भरण्यापलीकडचा आहे: राहिलेली विकृती घालवून त्वचेला तिचे मूळ रूप परत देणे.

६/ मात्र यावरून ‘प्राचीनांना सर्व ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. या परंपरांचे स्पष्टीकरण दोष आणि रसांच्या सिद्धान्तावर उभे होते. पेशी आणि जंतू त्यांना माहीत नव्हते. रक्त काढण्याच्या उपचाराने आधीच अशक्त झालेल्या रोग्यांचे नुकसानही होत असे. त्यांचे खरे देणे आहे ते निरीक्षण: सुजेला क्रम असतो आणि उपचाराला वेळ असते.

७/ १८६७ मध्ये कोनहाइमने पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात हे दाखवले. १८८२ मध्ये मेचनिकॉफला तारामाशाच्या अळीत काट्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षक पेशी दिसल्या. १९७१ मध्ये जॉन वेनने अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते हे सिद्ध केले. या सर्व शोधांचा भर सूज पेटते कशी यावर होता. विझणे गृहीतच धरलेले होते.

८/ ते गृहीतक पुढे ढासळले. १९८४ मध्ये चार्ल्स सेरहान, हॅमबर्ग आणि सॅम्युएलसन यांनी लिपॉक्सिन ही द्रव्ये वर्णिली. २००० नंतर सेरहान यांच्या प्रयोगशाळेतून माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांपासून शरीरात तयार होणारी ‘रिझॉल्व्हिन’ पुढे आली. सूज शमवणे हे शरीराचे स्वतंत्र, सक्रिय कार्य आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

९/ या कार्याचा क्रम असा. प्रथम न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. काही काळाने त्याच जागी रासायनिक संदेश पालटतात आणि नव्या न्यूट्रोफिलांना येण्यास मज्जाव होतो. आलेल्या पेशी ठरल्या रीतीने मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात. या गिळण्यानेच मॅक्रोफेजचा स्वभाव बदलतो: ते आता दुरुस्तीचे संदेश सोडतात. साचलेला द्रव लसीकावाहिन्यांतून वाहून जातो आणि ऊती पूर्वस्थितीकडे परततात.

१०/ हा क्रम मध्येच अडला तर सूज जुनाट होते, ऊतींच्या जागी व्रणतंतू साठतात. आणखी एक अनपेक्षित गोष्ट प्राण्यांवरील प्रयोगांत दिसली: पेटण्याचे रसायन अवेळी दाबले तर शमनही लांबू शकते, कारण पुढच्या टप्प्याची तयारी पहिल्याच टप्प्यात सुरू झालेली असते.

११/ वेळेचे हे महत्त्व २०२० मध्ये जगाला पुन्हा कळले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. औषध तेच, मात्राही तीच, फरक अवस्थेचा. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टिरॉइडच्या अवाजवी वापराकडेही बोट दाखवले गेले.

१२/ बुऱ्हाण निजामशहाच्या हकिमांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण सूज कोणत्या अवस्थेत आहे हे विचारल्याशिवाय औषध ठरत नसे. आज त्या प्रश्नाला पेशींच्या भाषेत उत्तर मिळू लागले आहे. तो विचारण्याची गरज मात्र चारशे-पाचशे वर्षांत जराही ओसरलेली नाही.